इंटरॅक्टच्या मुलांना पोलिओच्या रविवारी खरं काम काय देता येईल?

खडूफळा (माळशिरस तालुका)

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जूनपासून शाळेच्या इंटरॅक्ट क्लबचं काम माझ्याकडे आलंय. रोटरी क्लब शाळांमधून बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचा जो क्लब चालवतो, तो इंटरॅक्ट. आमच्याकडे आठवी-नववीची बत्तीस मुलं आहेत. अध्यक्ष, सचिव, खजिनदार त्यांच्यातलेच, मिटिंगचं इतिवृत्तही तीच लिहितात.

आता पल्स पोलिओचा रविवार जवळ आलाय. रोटरीच्या सचिवांचा फोन आला की वीस मुलं गणवेशात पाठवा, टोप्या आणि बॅनर आम्ही देतो. माणसं मनापासून काम करणारी आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मागच्या वर्षी मी सोबत म्हणून गेले होते तेव्हा काय झालं ते सांगते. सकाळी आठला मुलं बूथवर पोचली. बॅनर धरून उभी राहिली. एका डॉक्टरांच्या नातवाला पहिला डोस दिला, फोटो झाला. मग दहापर्यंत मुलं नुसती सावली शोधत होती. वडापाव खाऊन घरी. परतताना नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, आज आपण काय केलं?" मला तिला उत्तर देता आलं नाही. ते वाक्य वर्षभर डोक्यात आहे.

म्हणून इथे विचारते. चौदा वर्षांच्या मुलांना या मोहिमेत खरंखुरं, जबाबदारीचं आणि आरोग्य खात्याच्या लोकांच्या पायात न येणारं असं कोणतं काम देता येतं? दुसरं असं की, एका पालकांनी मला तोंडावर विचारलं, "पोलिओ तर गेला ना देशातून? मग पोरांचा रविवार कशाला वाया घालवता?" त्यांना काय सांगू? आणि रायलाच्या, म्हणजे रोटरीच्या नेतृत्व शिबिराच्या, दोन जागा आमच्या शाळेला मिळाल्यात. हेडसर म्हणतात, वक्तृत्वात पहिले आलेले दोघे पाठवा. माझं मन तयार होत नाही, पण कारण नीट मांडता येत नाही. तुमचा अनुभव सांगा.

---

सिस्टरबाई (निवृत्त, आरोग्य सहायिका)

बाई, त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. असा प्रश्न पडणारं पोर मिळालं की अर्धं काम झालं.

मी १९८८ला एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून लागले, २०१९ला आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी ऊसपट्ट्यात. डिसेंबर १९९५ची पल्स पोलिओची पहिली फेरी मी केलेली आहे. त्या वर्षी फक्त तीन वर्षांखालच्या मुलांना डोस होता, पाच वर्षांपर्यंतचा नियम पुढच्या वर्षी आला. तेव्हापासून किती फेऱ्या केल्या त्याचा हिशोब नाही. म्हणून लांब लिहिते, वाचून घ्या.

पहिली गोष्ट, जी मुलांना बजावून सांगायची: लसीला हात लावायचा नाही. बाटली उघडणं, डोस पाजणं, कॅरिअर म्हणजे लसीचा बर्फाचा डबा हाताळणं हे काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं. २०२१च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांच्या तोंडात डोसाऐवजी सॅनिटायझर गेलं होतं. मुलं बरी झाली, देवाची कृपा. पण प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हातून असं होऊ शकतं, तर हौशी हातांचा विचारच नको. मात्र बघायला जरूर लावा. बाटलीवर एक जांभळा गोल असतो आणि त्याच्या आत फिका चौकोन. लस उष्णतेत राहिली की चौकोन गडद होत जातो. चौकोन गोलाएवढा गडद झाला की ती बाटली बाद. तुम्ही विज्ञानाच्या बाई, हे तुम्ही माझ्यापेक्षा छान समजवाल. नववीच्या मुलाला एकदा हे कळलं की तो आयुष्यभर कुठल्याही बूथवर बाटली फिरवून बघेल.

आता खरं काम. बूथवर जी मुलं येतात ती येणारच असतात. आई स्वतः घेऊन येते, डावी करंगळी पुढे करते. अडतं ते न येणाऱ्यांपाशी. पोलिओ देशातून गेला तो बूथमुळे नाही, बूथवर न आलेलं मूल शोधल्यामुळे. शोधण्याच्या कामाला चौदा वर्षांची पोरं आमच्यापेक्षा हुशार असतात, कारण कुणाच्या घरी बहीण बाळंतपणाला आलीय, कुणाकडे पाहुणे आलेत, हे त्यांना गल्लीत खेळताना कळतं.

आपल्याकडे मुलं कुठे सुटतात? ऊसतोडीच्या कोप्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्या, वीटभट्ट्या आणि बाळंतिणीची खोली. सव्वा महिना झाला नाही म्हणून बाळ बाहेर काढत नाहीत, आणि बूथवाल्यांना ते बाळ आहे हेच माहीत नसतं. जन्मल्या दिवसाच्या बाळालाही डोस चालतो, हे आजीला पटवावं लागतं. थोडी सर्दी, थोडा ताप असला तरी चालतो. बाळाने डोस थुंकला तर परत द्यायचा. "परवाच दवाखान्यात दिला" म्हणाले तरी रविवारचा द्यायचाच. एवढ्या चार गोष्टी मुलांना पाठ असू द्या, लोक हेच विचारतात.

कोप्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या गावाला ते लागू आहे. मोहिमेचा रविवार बहुतेक ऐन गाळप हंगामात येतो. बीड, आष्टी, पाटोदा भागातल्या टोळ्या कारखान्याच्या आसपास उतरलेल्या असतात. सुरुवातीला आम्ही बूथच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कोपीवर जायचो. तिथे म्हातारी आणि कुत्रं. बाकी सगळे पहाटे चारला फडात गेलेले, तान्ही मुलंसुद्धा. आमच्या कागदावर "घर बंद" लागायचं आणि मूल तसंच राहायचं.

मग एका मुकादमाकडून मी शिकले. त्याला विचारलं, "किती मुलं आहेत टोळीत?" तो म्हणाला, "मला काय माहीत?" मग विचारलं, "कोयते किती?" लगेच म्हणाला, "सतरा." नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कोयते त्याच्या तोंडावर होते कारण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर दिलेली. मुलांचा हिशोब कुणाकडेच नव्हता. त्या दिवसापासून मी आदल्या संध्याकाळी, चुली पेटल्यावर जायला लागले. तेव्हा सगळे सापडतात. कोपीगणिक मुलं मोजायची, आणि उद्या कोणाच्या फडात तोड आहे ते विचारून ठेवायचं. रविवारी पहाटे तिथेच गाठायचं.

एक सकाळ डोळ्यांपुढून जात नाही. साडेसहा वाजले असतील, पाचटावर दव होतं. बैलगाडीच्या साटीखाली लुगड्याची झोळी बांधलेली, आत पाच-सहा महिन्यांची मुलगी झोपलेली. आई मोळी बांधत होती. ती आली, कोयता खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि झोळी सोडवली. मी गाल दाबून दोन थेंब टाकले. मुलीने तोंड वाकडं केलं आणि परत डोळे मिटले. मग करंगळीला मार्कर लावायला गेले तर शाई धरेना, उसाच्या रसाने बोट चिकट झालेलं. आईने पदराचं टोक थुंकीने ओलं करून ते एवढंसं बोट पुसून दिलं आणि म्हणाली, "आता लावा. नीट लावा, नाहीतर पुढच्या गावाला परत विचारतील." तिला त्या शाईची किंमत माझ्याइतकीच कळली होती.

तर बाई, मुलांना यादी द्या. दोघादोघांची जोडी, एका जोडीला वीस-पंचवीस घरं. शुक्रवारी-शनिवारी पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करायची, पाहुण्यांसकट. रविवारी दुपारी बूथच्या टॅलीशी ती ताडून बघायची. राहिलेली नावं संध्याकाळी आशाताईच्या हातात द्यायची. सोमवारपासून घरोघर फिरणारी टीम दारावर खडूने खूण करते. सगळ्या मुलांचं झालं तर पी, कुणी राहिलं किंवा घर बंद असलं तर एक्स. आपल्या पंचवीस घरांतला शेवटचा एक्स जाऊन पी होईपर्यंत ती गल्ली त्या जोडीची. बॅनर धरायला कुणीही उभं राहील, पण "ही गल्ली माझी" म्हणायला हिंमत लागते.

कोप्यांवर मुलं एकटी पाठवू नका. तुम्ही, आशाताई आणि रोटरीचं एखादं माणूस सोबत हवं. आणि आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून सूक्ष्म नियोजनाचा कागद, म्हणजे कुठल्या वस्तीवर कोण जाणार त्याची यादी, बघा. त्यात आपल्या कोप्या नसतील तर त्या लिहायला लावा. हे सगळ्यात मोठं काम आणि ते मोहिमेच्या आठ-दहा दिवस आधीचं आहे.

रोटरीवाल्यांना टोप्यांऐवजी एक गाडी मागा. रविवारी पहाटे पाचला फडापर्यंत जाणारी. ते देतील. मला माझ्या वेळच्या क्लबाने दोन वर्षं दिली होती, तेव्हाचे अध्यक्ष स्वतः चालवायला आले होते.

त्या पालकांना काय सांगायचं तेही लिहिते. २००९ला आपल्या देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला, जगातल्या जवळजवळ निम्म्या केसेस. २०१०ला ४२. आणि १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालात हावडा जिल्ह्यातल्या एका छोट्या मुलीला झाला, तो शेवटचा. २७ मार्च २०१४ला आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो विषाणू अजून फिरतोय. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांत एकाचाच पाय जातो, बाकीच्यांना कळतही नाही आणि त्यांच्या शौचातून तो पसरत राहतो. म्हणजे पहिला लुळा पाय दिसेपर्यंत तो गावभर झालेला असतो. म्हणून मुंबईत २००१पासून सांडपाण्याचे नमुने तपासतात. २०२२ला लंडनच्या सांडपाण्यात सापडला, त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ एका तरुणाला पक्षाघात झाला. तिथे काय कमी आहे? ज्या वस्तीत डोस कमी पडले तिथे तो शिरला.

---

माणदेशी७७

सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण न्यूयॉर्कची ती केस लसीतूनच आलेल्या विषाणूची होती ना? मेघालयातही २०२४ला तसंच झालं. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. मी डोस देतो, पण हे वाचल्यापासून हात थरथरतो. कुणीतरी सरळ सांगा.

---

सिस्टरबाई

दादा, खरं आहे तुमचं, आणि बाप म्हणून विचारणं बरोबरच आहे. थेंबातली लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. ज्या वस्तीत बरीच मुलं डोसाविना असतात तिथे तो एका पोटातून दुसऱ्या पोटात महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि फिरता फिरता परत ताकद धरू शकतो. सगळ्यांना डोस असेल तिथे त्याला फिरायला जागाच मिळत नाही. म्हणजे हा धोका डोस घेतलेल्या मुलापाशी कमी आणि सुटलेल्या मुलांच्या वस्तीपाशी जास्त.

आणि सरकारने यावर उपाय केलेत. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार, त्यांतल्या टाइप दोनपासून असं सर्वांत जास्त व्हायचं. मूळ टाइप दोन जगातून संपल्यावर एप्रिल २०१६ला तो थेंबांतून काढून टाकला. शिवाय नोव्हेंबर २०१५पासून आपल्याकडे मेलेल्या विषाणूचं इंजेक्शनही आलं, त्यातून पोलिओ होऊच शकत नाही. ते सहा आणि चौदा आठवड्यांना देतात, २०२३पासून नवव्या महिन्यालाही. तुमच्या मुलीचं कार्ड काढा आणि त्यावर ती इंजेक्शनं आहेत का बघा. नसतील तर उद्याच आशाताईला दाखवा.

---

तीनचाकी

मी १९७४चा. मराठवाड्यातलं आडगाव. तेव्हा आमच्याकडे डोस नव्हताच, त्यामुळे आईवडिलांना दोष नाही. दीड वर्षाचा असताना ताप आला, तीन दिवसांत उतरला, आणि चौथ्या दिवशी आईने उभं केलं तर डावा पाय घडी होऊन खाली गेला. आई हे सांगताना अजून हाताने दाखवते. पाय कसा मुडपला ते.

बाई, मुलांना मोहिमेच्या आधी एक तास आमच्यापैकी कुणाशी तरी बोलू द्या. स्टेजवर बोलावून शाल घालू नका. वर्गात खुर्ची द्या आणि मुलांना हवं ते विचारू द्या. मला एका शाळेत सातवीच्या मुलाने विचारलं होतं, "काका, तुम्हाला त्या पायात थंडी वाजते का?" वाजते. फार वाजते. पन्नास वर्षांत हे मला एकाही मोठ्या माणसाने विचारलं नव्हतं. पोलिओचा पाय हिवाळ्यात गार पडतो, निळसर होतो, मी झोपताना त्यावर दोन मोजे घालतो. तो मुलगा पुढे मोहिमेत काय करेल याची मला खात्री आहे.

दुसरं, तुमच्या क्लबातल्या मोठ्यांपर्यंत पोचवा. पोलिओ गेला म्हणून पोलिओ झालेली माणसं गेली नाहीत. चाळिशी-पन्नाशीनंतर चांगल्या वाटणाऱ्या पायातली ताकदही कमी व्हायला लागते, लवकर दम लागतो, सांधे दुखतात. आमच्यातल्या अनेकांना हा त्रास आहे आणि बहुतेकांना वाटतं की वयच झालं. एका शिबिरात मला कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, मिळालं होतं, माप न घेता दिलेलं. दोन महिन्यांत मांडीला जखम झाली, ते माळ्यावर पडून आहे. कॅलिपर वाटायचं असेल तर माप घेणारा माणूस आणा आणि तीन महिन्यांनी परत या. तेवढंच सांगणं.

---

कृष्णाकाठ (सांगली)

मी अकरावीत असताना रायला केलंय, पुढे रोटरॅक्टमध्ये, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबमध्ये, सहा वर्षं आहे. तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

रायलाची सुरुवात १९५९ला ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये झाली, रोटरीने १९७१ला ते जगभरासाठी घेतलं. इंटरॅक्ट त्या मधल्या काळातलं, १९६२चं. त्या वर्षी रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते कोलकात्याचे नीतीश लाहरी. आपला माणूस त्या खुर्चीवर असताना शाळकरी मुलांचा क्लब सुरू झाला, हे मी माझ्या ज्युनिअर्सना आवर्जून सांगते.

माझं शिबिर तीन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी मोबाइल जमा. दहा-दहाचे गट, मुद्दाम अनोळखी. दुसऱ्या दिवशी आम्हाला दीडशे माणसांच्या जेवणाची वाढप दिली. आमच्या गटात एक मुलगा होता, बोलायला वाघ. त्याने पाच मिनिटांत सगळ्यांना कामं वाटून दिली, फार सुरेख. पंगत बसली आणि पाणी कुणीच घेतलेलं नाही हे लक्षात आलं. तेव्हा इस्लामपूरकडची एक मुलगी, जी दोन दिवस एक शब्द बोलली नव्हती, उठली, कोपऱ्यातली बादली घेतली आणि वाढायला लागली. तिच्यामागे आम्ही सगळे. रात्री गटप्रमुख कोण असावं हे आम्हालाच विचारलं. नऊ जणांनी तिचं नाव लिहिलं. त्या वाघाने पण.

म्हणून हेडसरांना सांगा, वक्तृत्ववाल्यांना बक्षीस मिळालेलंच आहे. रायलाला पाठवायची मुलं पोलिओच्या आठवड्यानंतर ठरवा. कोणाची यादी पूर्ण झाली, राहिलेल्या घरी कोण परत गेलं, ते बघा आणि नावं मुलांकडूनच काढून घ्या. त्यांना बरोबर माहीत असतं. एक मुलगी जाणार असेल तर घरच्यांशी आधी स्वतः जाऊन बोला. राहायची सोय कुठे, बाई कोण सोबत, परत कधी. माझ्या वडिलांनी नकारच दिला होता, आमच्या बाई दोन वेळा घरी आल्या म्हणून मी गेले. फी साधारण क्लब भरतो, तेही घरी सांगा. पैशांपायी गप्प बसणारे पालक असतात.

---

खडूफळा

सोळा दिवसांनी लिहितेय, माफ करा. आधी सगळ्यांचे मनापासून आभार.

सिस्टर, मी तुमची पोस्ट छापून आरोग्य केंद्रात नेली. डॉक्टरांनी नियोजनाचा कागद दाखवला. कारखान्याजवळचा मोठा अड्डा त्यात होता, पण ओढ्यापलीकडे यंदा नव्याने उतरलेली अकरा कोप्यांची टोळी नव्हती. ती आमच्या एका मुलाला माहीत होती, कारण त्याचे वडील त्यांना किराणा देतात. डॉक्टरांनी तिथल्या तिथे पेनने ती लिहिली. मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांच्या सांगण्यावरून सरकारी कागदावर एक ओळ वाढली, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

तीनचाकी दादा, तुमच्यासारख्याच एका गृहस्थांना मी वर्गात बोलावलं. आमच्या बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. पाय-मशीन चालवता येत नाही म्हणून त्यांनी मोटर बसवून घेतलीय. मुलांनी पाऊण तास सोडलं नाही. थंडीचा प्रश्न मीच विचारला. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "वाजते."

शनिवारी संध्याकाळी आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. सहा मुलं, आशाताई, मी, आणि रोटरीचे सचिव. अकरा कोयते, पाच वर्षांखालची नऊ मुलं. मागच्या वर्षी मला प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दहावीत आहे, तिने वही धरली होती. आठ मुलं लिहून झाली. शेवटच्या कोपीतली बाई म्हणाली, "माझं एकच पोरगं, लिहिलं ना तुम्ही." आम्ही निघालो. ही मुलगी मागेच राहिली. मी हाक मारली तर म्हणाली, "बाई, दोरीवर दुपटी वाळतायत. त्या पोराला दुपटी कशाला? ते चार वर्षांचं आहे." ती परत आत गेली. कोपीत, मागच्या बाजूला, त्या बाईची जाऊ होती. बाळ बारा दिवसांचं. कुणाला दाखवायचं नाही म्हणून लपवलेलं. आशाताई तिच्याजवळ बसल्या, मुलगी बाहेर दारात उभी राहिली. अर्धा तास गेला. बाळाच्या बापाने "उद्या सकाळी आलात तर देऊ" म्हटलं तेव्हा आम्ही उठलो.

रविवारी पहाटे सचिव त्यांची गाडी घेऊन आले. सोबत आणखी एक रोटेरियन, वय बाहत्तर, थर्मास घेऊन. आठ मुलांना फडात डोस मिळाला, नववं बाळ कोपीवर. नर्सबाईंनी बाटली उघडायच्या आधी मुलांसमोर धरली आणि चौकोन कसा आहे ते त्यांनाच सांगायला लावलं. बारा दिवसांच्या बाळाच्या करंगळीवर शाई मावत नव्हती, नखावर एक ठिपका लावला.

गावातलं काम इतकं सरळ झालं नाही. सोळा जोड्यांपैकी पाच जोड्यांच्या याद्या अर्धवट राहिल्या. दोन मुलं लग्नाला गेली, एका जोडीचं भांडण झालं. एका घरी मुलांना दारातूनच परत पाठवलं, तिथे बुधवारी आशाताई आणि डॉक्टर स्वतः गेले तेव्हा डोस झाला. त्या गल्लीची जोडी रोज शाळेत येताना दारावरचा एक्स बघून यायची आणि मला सांगायची, "बाई, अजून आहे." गुरुवारी दोघं धावत आली.

रायलासाठी मुलांनी चिठ्ठ्यांवर नावं लिहिली. दहावीची मुलगी परीक्षेमुळे जाऊ शकत नाही, तिनेच सांगितलं. एक नाव किराणावाल्याच्या मुलाचं आलं, दुसरं त्या एक्सच्या गल्लीतल्या मुलीचं. हेडसरांना चिठ्ठ्या दाखवल्या, त्यांनी सही केली. मुलीच्या घरी मी एकदा जाऊन आले, परवा परत जाणार आहे.

सिस्टर, एक अडचण आहे. ती टोळी काल हलली. मुकादम म्हणाला, पंढरपूरच्या बाजूच्या कारखान्यावर. बाळाला दीड महिन्याचे डोस आणि ते इंजेक्शन अजून व्हायचंय आणि त्यांच्याजवळ कार्ड नाही. वही माझ्याकडे आहे. काय करू?

---

सिस्टरबाई

बाळाची जन्मतारीख, आईचं नाव, मूळ गाव आणि मुकादमाचा फोन नंबर वेगळ्या कागदावर काढा आणि उद्याच तुमच्या आरोग्य केंद्रात द्या. तिथून त्या कारखान्याच्या हद्दीतल्या केंद्राला फोन करायला सांगा, तुमच्यासमोर करायला सांगा. डोस झाल्याची तारीख घालून नवं कार्ड बनवून घ्या आणि त्याचा फोटो मुकादमाच्या मोबाइलवर पाठवा. मुकादमाचा फोन हंगामभर चालू असतो, तो बदलत नाही.

आणि सहा आठवडे कधी पूर्ण होतात ती तारीख त्या मुलीला काढायला सांगा. त्या दिवशी मुकादमाला फोन तिनेच करायचा. तुम्ही शेजारी बसा.